जर्मनीत केलेले मांडे

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगते, सातासमुद्रापार जाऊन मी खानदेशाचं नाक कसं कापणार होते ते!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावला नववीत होते. आमच्या शाळेतल्या पाच मुलींना जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या शाळेनं पाहुण्या म्हणून बोलावलं. तिथं आपली संस्कृती दाखवायची. त्यांना आवडली, तर पुढच्या वर्षी त्यांच्या मुली जळगावला येणार. नाही आवडली, तर राम राम! आणि आमच्या पाटील बाई तर मुख्याध्यापकांना सांगूनच निघाल्या होत्या, "सर, त्यांना जळगावला आणल्याशिवाय राहत नाही."

संस्कृती म्हणून आम्ही काय बसवलं असेल? कोळीनृत्य! आता जळगाव कुठं, समुद्र कुठं? आमच्यातल्या चौघींनी तो पाहिलासुद्धा नव्हता. पण बाईंना तेवढंच बसवता येत होतं.

गाण्याची कॅसेट माझ्याकडे होती. "बाई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा," असं मी विमानात बसल्यावरही बजावलं. शहाणी ना मी!

आता घरची भानगड ऐका. आमच्याकडे, जळगावातच पिंप्राळ्याला, नवा टेपरेकॉर्डर आला होता. दिसेल त्याचा आवाज भरून घ्यायचा, हा माझा उद्योग. एकदा अक्का, म्हणजे माझी मोठी आत्या, वहिनीला मांडे शिकवत होती. आमच्याकडचा मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण तिला पोळपाट पुरत नाही. हातांवर फिरवत फिरवत चांगली रुमालाएवढी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या, मातीच्या खापरावर टाकायची. वहिनी घामाघूम झाली होती, अक्का मधूनमधून कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं, गाणं म्हणत होती आणि मी पाय पसरून ते सगळं टेप करत होते.

तर जर्मनी. हॉल गच्च भरलेला. आम्ही पाचजणी नऊवारी नेसून, डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या. पडदा वर गेला आणि स्पीकरमधून समुद्राच्या लाटांऐवजी अक्का अहिराणीत गरजली,

"आते पीठ आपट व पोरी! जोरमा आपट!"

मेले! दोन्ही कॅसेट दिसायला सारख्या, आणि मी उचलली ती अक्काची! टेप लावणारा बाबा हॉलच्या पार मागे, काचेच्या खोलीत. त्याला खुणा केल्या, तर त्यानं हसून आवाज आणखी मोठा केला. विंगेत बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

माझ्या शेजारची मंगल पुटपुटली, "आता काय करायचं गं?"

"अक्का सांगतेय ते कर!"

पाचही टोपल्या खाली आल्या आणि आम्ही पीठ आपटायला लागलो. धप! धप! अक्का म्हणाली, "हातवर ले! फिराव! फिराव!" आम्ही कोपरं पसरून गरागरा फिरलो. मध्येच कानबाईचं गाणं लागलं, त्यावर फुगडी घातली. "खापरवर टाक!" म्हटल्याबरोबर पाचजणींनी एकदम वाकून मांडे टाकले. "हात चटकना का? फुक मार!" आम्ही बोटांवर फुंकर मारली.

आणि काय सांगू! अख्खा हॉल उठून उभा. टाळ्या थांबेनात. "पुन्हा, पुन्हा!" म्हणत त्यांनी दुसऱ्यांदा करायला लावलं. त्यांचे हेडमास्तर धावत आले आणि या नृत्याचं नाव विचारायला लागले.

बाईंचा रंग तोवर परत आला होता. छाती काढून म्हणाल्या, "मांडानृत्य! ही मुलगी त्यात तरबेज आहे." म्हणजे मी!

मग काय, माझा रुबाब विचारूच नका. मी राहिले होते त्या घरची मुलगी इंग्रिड माझ्या मागेच लागली. तिच्या वडिलांची बेकरी होती. तिथं कणकेचा गोळा घेऊन मी तिला दटावायचे, "मनगट सैल सोड! कोपर बाहेर!" मी स्वतः जन्मात मांडा केला नव्हता, हे तिला कोण सांगणार? येताना ती कॅसेटसुद्धा मी तिला मोठ्या मनानं देऊन टाकली.

आणि आल्या हो, पुढच्या वर्षी त्यांच्या मुली, इंग्रिडसकट, खरंच जळगावला आल्या! स्टेशनवर हार-तुरे काय, ताशे काय! बाई तर नुसत्या तरंगत होत्या. आनंदाच्या भरात त्यांनी जाहीर करून टाकलं, "उद्या आमची तरबेज मुलगी पाहुण्यांना स्वतःच्या हातचे मांडे खाऊ घालील."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात चूल पेटली. खापर तापलं. सगळी कॉलनी गोळा झाली. मी पदर खोचला, मांडा हातावर घेतला, एक झोकदार गिरकी घेतली आणि पुरण थेट चुलीत! दुसरा मांडा कोपरालाच चिकटून बसला.

"मी करू?" इंग्रिडनं विचारलं.

तिनं मांडा हातावर घेतला. तोंडानं हळूच "फिराव, फिराव" चाललं होतं, हुबेहूब अक्काच्या सुरात. मांडा वाढला, वाढला, सुपाएवढा झाला आणि एक भोक न पडता खापरावर जाऊन बसला. कॉलनीनं टाळ्यांचा कडकडाट केला. जर्मनीत आम्हालासुद्धा एवढ्या मिळाल्या नव्हत्या!

अक्का थक्क. "काय व पोरी, तुले कोनी शिकाडं?"

इंग्रिडनं मोठ्या अभिमानानं माझ्याकडे बोट केलं.

अक्कानं खापरावरचा मांडा पाहिला. मग माझ्या कोपरावरचा पाहिला. म्हणाली,

"मंग आते तू तिनाकडथून शिक!"