दारातली माय साफ दिसेपर्यंत

सौंसरच्या आमच्या स्टुडिओत मामांचा मोठा लाकडी कॅमेरा होता. काळ्या कापडात डोकं घातलं की धुरकट काचेवर माणूस उलटा दिसे. मामा भिंगाचं छिद्र बारीक करत, तशी काच अंधारत जाई आणि मागच्या पडद्यावर रंगवलेली पुसट झाडं पानापानांनी साफ होत. मी दर वेळी तोंड वासून पाहायचो.

लग्नांना मात्र मी दोन भिंगांचा कॅमेरा नेत असे. त्यात पाहायचं वरच्या भिंगातून, फोटो निघे खालच्यातून. खालचं छिद्र कितीही बारीक करा, वरच्याला पत्ताच नाही! मागचं साफ आलं की नाही, हे फिल्म धुतल्यावर कळायचं.

मग ऐंशीनंतर नागपूरहून जुना एसएलआर कॅमेरा आणला; त्यात पाहायचं आणि फोटो काढायचा एकाच भिंगातून. त्याच उन्हाळ्यात लोधीखेड्याला एका संत्रेवाल्या घरी लग्न होतं. नवरीने मला बाजूला बोलावलं.

"दादा, माय फोटोत पाहिजे. अन् साफ पाहिजे."

तिची आई विधवा. मांडवात येईना, घराच्या दारात उभी. "मी इथूनच पाहून राहिली," एवढंच म्हणे. सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं. मला संताप आला. पण परक्या मांडवात फोटोवाल्याचं कोण ऐकतं?

नवरीला दाराच्या रेषेत उभं केलं. कॅमेरा स्टँडवर लावून फोकस दोघींच्या मधे ठेवला. पाहतो तर नवरीही जराशी धुरकट, आणि दारात नुसता फिकट डाग. छिद्र सोळावर, म्हणजे अगदी बारीक नेलं आणि फोटोआधीच ते तसं बारीक करून दाखवणारी भिंगाजवळची कळ दाबली. सगळं काळवंडलं. डोळा सरावला तशी त्या अंधारातून आधी चौकट आली, मग पदर, मग तिचे डोळे. ती लेकीकडे पाहत होती. पंधरा फूट मागची बाई जागची न हलता लेकीइतकीच साफ झाली होती. बटण दाबायचंही क्षणभर सुचेना.

पंधरवड्याने फोटो घेऊन गेलो. आई तो पाहून घाबरलीच.

"भाऊ, मी पुढं आली होती का?"

"नाही काकू. दारातच होत्या. एक पाऊलही टाकलं नाही."

"खरं?"

"खरं."

बराच वेळ ती फोटो पाहत राहिली. मग शेजारी उभ्या आपल्या मुलाला म्हणाली, "समोरच्या भिंतीवर लाव. दोघी दिसलो पाहिजे."