फिलूचा कॉम्प्युटर आणि आमचे सहा जण

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजच्या डोक्यावर कशी गोळ्यांची पाकिटं, रबरबँड, कुठल्या कुलपाच्या ते माहीत नसलेल्या चाव्या साठत जातात, तसं असतं ते. कोणी ठेवलं विचारलं तर घरात सगळे एकमेकांकडे बघतात! आमच्या चारकोपच्या सोसायटीत गेल्या तीन महिन्यांत असंच झालं. आणि मला चौकशीची खोड, त्यामुळे माझ्या फ्रिजवर जरा जास्तच साठलंय.

आधी फिलू कोण ते सांगते. फिलोमिना आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. मूळची गावठाणातली, बोलते आमच्यासारखीच मराठी. पवईला ऑफिस. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती सिस्टीम असते ना, तशी एक मोफत सिस्टीम आहे. ती साध्या माणसाला मराठीत वापरता यावी, हे हिचं काम. पाच वर्षं तेच करतेय.

तर तिचे वरचे साहेब तिला म्हणाले, "ही सिस्टीम इंजिनियरच वापरतात. साधी माणसं वापरत नसतील तर मराठीचं काम बंद करू. मला सहा माणसं दाखव, जी एकट्याने चालवतील. तू मध्ये एक शब्द बोलायचा नाही." मुदत तीन महिने.

सोसायटीच्या ऑफिसात तीन जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. फिलूने त्यात ती सिस्टीम घातली आणि सहा माणसं गोळा केली. त्यातली एक मी. दहावी पास, तीही दुसऱ्या झटक्यात!

*

पहिल्याच दिवशी आमचे सेक्रेटरी तांबे अडून बसले. "फुकट आहे म्हणतेस? मग नक्की काहीतरी गोम आहे. कंपनी कुठली?"

"कुठलीच नाही, तांबेकाका. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय. कुणीही वापरा, कुणीही सुधारा."

"असं कोण करतं?"

घाडीकाकी कोपऱ्यात बसल्या होत्या. आमच्या सोसायटीतल्या सगळ्यात मोठ्या, देवगडकडच्या. त्या म्हणाल्या, "तांब्यानू, गणपतीत महाप्रसाद असता. तांदूळ एकाचे, भाजी दुसऱ्याची, ढवळता तिसरोच. तुम्ही दोनदा जेवतास. तेव्हा कंपनी विचारलास?"

तांबे कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसले. सहा पूर्ण झाले!

*

मला पहिल्यांदा ते चित्रांचंच कोडं पडलं. स्क्रीनवर एक गोल, दातेदार काहीतरी होतं. मी विचारलं, "फिलू, ही चकली कसली गं?"

"चकली?" ती वाकून बघायला लागली. "वहिनी, ते चाक आहे. गिअर. म्हणजे सेटिंग्ज."

"मग चाकाचा आणि सेटिंगचा काय संबंध?"

सांगताच येईना तिला! मी आपलं म्हटलं, "जाऊ दे, मी अडाणी. मला नाही जमायचं."

तर एकदम गंभीर झाली. म्हणाली, "वहिनी, मला येत नाही असं नका म्हणू. फिलूला सांगता आलं नाही, असं म्हणा."

मला आजवर शाळेतसुद्धा असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चित्राखाली मराठीत नाव आलं होतं. पण आमचे सहाही जण अजून एकमेकांना "चकली दाब, चकली दाब" असंच सांगतात!

*

मग आला दसरा. तांब्यांनी पाण्याच्या पंपाची पूजा केली, लिफ्टची केली, आणि मग म्हणाले, या तिघांनी काय पाप केलंय? झेंडूचे हार घातले, तांदूळ वाहिले, आणि चालू करायच्या बटणावर भक्तिभावाने ओलं हळद-कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत!

दुसऱ्या दिवशी एकही कॉम्प्युटर चालू होईना. कुंकू वाळून बटणं आत चिकटली होती. फिलू टूथपिक घेऊन दोन तास खरवडत बसली. तांबे बाजूला उभे, चेहरा पडलेला. "चिडलीस का गं?"

"चिडू कशाला, काका? महिन्याभरापूर्वी तुम्ही यात गोम आहे म्हणत होता." टूथपिक पुसत ती म्हणाली, "फक्त पुढच्या वर्षी नुसती फुलं वाहा, प्लीज!"

*

राणेकाकांचं प्रकरण वेगळंच. हे साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. भीती हा शब्द माहीत नाही. पण एक दिवस बघते तर कॉम्प्युटरसमोरून उठले आणि तडक जिना चढून घरी गेले. दहा मिनिटांनी परत आले.

"काय झालं, काका?"

"अगं, बंद करायला गेलो तर हा विचारतो, 'तुम्हाला खात्री आहे का?' म्हणून हिला विचारून आलो."

"मग? काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, खात्री नसेल तर राहू दे!"

आम्ही हसून हसून पडलो. पण काका चिडले. "हसता काय! सव्वीस वर्षं लेथ चालवला. बोट गेलं असतं, पण लेथने कधी विचारलं नाही, खात्री आहे का म्हणून. असं कोर्टात उभं केल्यासारखं विचारलं की खात्री असलेला माणूसपण हलतो!"

फिलू मात्र हसली नाही. दोन दिवसांनी ते वाक्यच बदलून आणलं. आता बंद करताना येतं, 'कॉम्प्युटर बंद होत आहे. तुम्ही लिहिलेलं जपून ठेवलं आहे.'

राणेकाकांनी ते दोनदा वाचलं. "हां! आता कसं माणसासारखं बोलला!"

*

पासवर्डचं सांगायलाच हवं. फिलूने बजावलं होतं, प्रत्येकाने आपापला ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही. तांब्यांनी आपला विसरू नये म्हणून नोटीस बोर्डावर लावला. राणेकाकांचा अख्ख्या बिल्डिंगला पाठ. फक्त घाडीकाकींचा कुणालाच माहीत नव्हता, आणि मी प्रयत्न केला नाही असं समजू नका!

एक दिवस तो लागेचना. फिलू म्हणाली, "काकी, काय ठेवलाय सांगा, मी टाकून बघते."

काकी लाजून लाल. "सांगूक येवचा नाय गो."

"का?"

"ह्यांचा नाव आसा."

घाडीकाका जाऊन नऊ वर्षं झाली. पण काकींनी त्यांचं नाव जन्मात असं तोंडाने घेतलेलं नाही. फिलू खुर्ची जवळ ओढत हळूच म्हणाली, "मग उखाण्यात घ्या ना, काकी."

आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मी दाराला कान लावला, कबूल करते. आतून काकींचा आवाज आला, "देवगडच्या आंब्याक चारकोपची पेटी..." आणि नेमका त्याच क्षणी वरच्या टाकीचा पंप सुरू झाला!

कॉम्प्युटर सुरू करून बाहेर आली तेव्हा फिलूचे डोळे ओले होते. नाव काय ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. मी रोज विचारते.

*

आणि मग तो रविवार. साहेब आले. उंच, चष्मा, एकदम टापटीप माणूस. हातात एक तक्ता. त्यात आमची सहा नावं आणि पुढे दोन रकाने: 'एकट्याने जमलं' आणि 'मदत लागली'. फिलूला भिंतीला टेकून उभं केलं होतं. बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. पाच वर्षांचं काम त्या एका कागदावर, आणि ती नखं खातेय!

आम्ही पाच जण पास झालो. कसे ते विचारू नका, मला अजून घाम फुटतो. उरल्या काकी. त्यांना आपल्या बहिणीला पत्र लिहून छापायचं होतं. एका बोटाने पाऊण तास टाईप केलं, मग पाणी प्यायला उठल्या. छापायचं तेवढं बाकी.

काकींना उठलेलं बघून साहेबांना वाटलं, झालं यांचं. स्वतः खुर्चीवर बसले आणि सवयीने स्क्रीन आवरायला घेतली. काकींचे इकडेतिकडे पडलेले कागद धडाधड स्क्रीनवरच्याच कचऱ्याच्या टोपलीत. त्यात आत्ताचं पत्रही गेलं. मग ते टोपली रिकामी करायला निघाले. म्हणजे सगळं कायमचं पुसणार! फिलूने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मी ओरडायला उठले.

इतक्यात काकींनी मागून येऊन साहेबांचं मनगट धरलं. "ओ साहेबानू! दिवे लागले. आता कचरो भायर टाकूचो नाय, लक्ष्मी जाता!"

साहेब हबकले. "अहो आजी, हा तसला कचरा नाही..."

"खंयचोय असूंदे. उठा."

ते उठले. खरंच उठले! काकी बसल्या, टोपली उघडली, एकेक कागद बघितला, आपलं पत्र बाहेर काढलं, जागेवर ठेवलं आणि छापायला दिलं. घरघर करत कागद बाहेर आला.

साहेब तो कागद हातात घेऊन बघतच राहिले. "आजी, टोपलीतून परत काढायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवूचा काय त्यात?" काकी म्हणाल्या. "टोपली ओतूच्या आधी आत बघूक नको? किती चमचे जातत!"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. काकींच्या नावापुढे 'एकट्याने जमलं' वर बरोबरची खूण केली. मग तक्त्याच्या तळाशी एक नवीन ओळ आखली, तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आणि 'मदत लागली' वर खूण करून तो कागद फिलूच्या हातात दिला.