कामाची भाकर

"पह्यले बाईले जाऊ द्या," आबा म्हणायचे आणि बांधावर उकिडवे बसायचे. मग कोयते काखेत मारलेली सगळी टोळी थांबायची. बाई म्हणजे त्यांची कुत्री, भुरी. घरी बायकोला आबा नुसतं 'ए' म्हणत. ही गोष्ट त्या माउलीने मला तक्रार म्हणून सांगितली होती.

आबा सावद्याकडे केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. मी व्यापाऱ्याचा माणूस. स्टेशनवर वॅगन लागली की कुठली बाग कापायची ते ठरवायचं, राजदूत मोटारसायकलवरून तिथं पोचायचं आणि घाई करायची, एवढंच माझं काम. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे.

तुम्ही कधी पिलबागेत शिरलात का? जुन्या खोडांच्या पिलांवर वाढवलेली ती बाग. आत भर दुपारी अंधार, पायाखाली वाळलेल्या पानांचा ढीग, आणि त्या ढिगात घोणस नाहीतर रानडुक्कर. म्हणून भुरी आधी जायची, सगळी बाग हुंगायची. काही दिसलं तर तिथंच उभी राहून भुंकायची, नसलं तर येऊन बांधावर बसायची. मग टोळी आत. दुपारी जेवताना प्रत्येक जण आपल्या भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे ठेवी. ती कामाची भाकर. बिनकामाच्या कुत्र्याला टोळीत दगड मिळत.

एका बागाईतदाराला हा प्रकार सहन झाला नाही. "आता कुत्रीच्या परवानगीनं बाग कापायची का?" तो ओरडला.

"कापा ना भाऊ," आबा म्हणाले. "व्हा तुम्ही पुढं, आम्ही येतो मांगून."

बागाईतदाराने बागेकडे पाहिलं आणि चहा मागवला. तेवढ्यात भुरीने आतून एक डुक्कर हुसकलं, ते थेट चहाच्या किटलीवरून गेलं. त्या दिवशी चहा कोणालाच मिळाला नाही.

एकदा माझा वेळेचा अंदाज चुकला आणि मी टोळीच्या बराच आधी बागेवर पोचलो. पाहतो तर भुरी बांधावर गाढ झोपलेली. गाडीच्या फटफट आवाजानेही तिचा कान हलला नाही. थोड्या वेळाने आबा बागेतून बाहेर आले. दवाने गुडघ्यापर्यंत भिजलेले, डोक्यात पानांचा कचरा, हातात काठी.

"आबा, हे काय?"

आबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. "तिले ऐकू येत नई आता. नाकबी गेलं. मी आधी सारी बाग पाहून घेतो. मंग पोरं आली का तिले धाडतो."

"अहो, मग घरी ठेवा तिला. दुसरं कुत्रं आणा."

"इतकी वर्षं पुढं चालली ती," आबा म्हणाले. "आता तिले घरी बसवू? कोनाले सांगू नका भाऊ."

मला त्यांचा राग आला. माणूस साठीचा, पायात साधी चप्पल, आणि कुत्रीची नोकरी टिकवायला सापात फिरतोय! चांगलं फैलावर घेतलं मी त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला तंबाखू दिली. मी कोणाला सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून मीही लवकर जाऊ लागलो. काही करत नसे, बांधावर बसून राही.

थंडीतल्या एका सकाळी आबा बागेतून हळूहळू आले आणि माझ्याशेजारी बसले. "भाऊ, जरा रुमाल द्या," म्हणाले. घोट्यावर दोन दात उमटले होते. मी पोटरीला रुमाल बांधला. तेवढ्यात टोळीचा ट्रॅक्टर आला. पोरं धावली, कोणीतरी भुरीकडे पाहून कचकचीत शिवी दिली.

"तिले काही बोलू नका," आबा म्हणाले. "बाई भुंकली व्हती. मीच नई ऐकलं."

त्यांना ट्रॉलीत घातलं. भुसावळच्या अलीकडेच ते गेले.

मला आबा फार आवडत होते. हे त्यांना कधी सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्याच्या विधीला टोळीतला थोरला माझ्याजवळ आला. "भाऊ, तुम्ही व्हते तिथं. खरंच भुंकली व्हती का ती?"

भुरी त्या सकाळी माझ्या राजदूतच्या चाकाशी घोरत होती.

"भुंकली होती," मी म्हणालो. "चांगली भुंकली."

त्याने मान हलवली, उठला आणि भाकरीचा तुकडा तिच्यापुढे ठेवून आला.

पुढच्या कटाईला मी भुरीला घेऊन उजाडता उजाडता बागेवर गेलो. रबरी बूट घातले, लांब काठी घेतली. व्यापाऱ्याने मला असल्या कामाला ठेवलं नव्हतं, आणि भीती तर एवढी वाटत होती की आत शिरण्याआधी दोनदा लघवीला जाऊन आलो. बांधावर भुरीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग तोही मिटला.