बंद कारखान्याचा वास

निपाणीहून बेळगावला येताना संकेश्वरच्या आसपास गाडीच्या काचा वर करायच्या, ही आमच्या भागातल्या सगळ्यांचीच सवय. उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मळीचा वास हायवेवर पसरतो. कुणी कुणाला सांगत नाही, बोलता बोलताच हात काचेकडे जातो. या सवयीचा मी गैरफायदा घेतला. तोही माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, आणि ती आजारी असताना.

आक्का निपाणीत राहते. गेल्या हिवाळ्यात तिला कॅन्सर निघाला आणि बेळगावच्या दवाखान्यात केमो सुरू झाला. भावजींनी भाड्याची गाडी ठरवायचं म्हटलं, तेव्हा मी जवळजवळ भांडलोच. मी असताना भाड्याची गाडी कशाला? रजा टाकीन, बेळगावशेजारच्या आमच्या पिरनवाडीहून पहाटे निघीन, तिला आणीन आणि परत पोचवीन. गाडी जुनी असली तरी इंजिन उत्तम आहे, असंही छातीठोकपणे सांगितलं.

इंजिन चांगलंच होतं. फक्त त्याच्या वरच्या झाकणाच्या कडेनं, ज्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात, ऑइल पाझरत होतं. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं, ते वाळून कडक झालं होतं. पाझरलेलं ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडून जळायचं आणि त्याचा धूर पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत यायचा.

पॅकिंग मी स्वतःच बदललं. घराजवळच, मच्छे गावात, हायड्रॉलिकच्या वर्कशॉपमध्ये मी जोडणीचं काम करतो. तिथं यंत्रांच्या आतल्या तेलाला प्रचंड दाब असतो, म्हणून सगळं करकचून आवळायची हाताला सवय. मी पॅकिंगला सगळीकडून सीलंट, म्हणजे फटी बुजवणारं चिकट लुकण, फासलं आणि मनगट दुखेपर्यंत बोल्ट आवळले. टॅपेट कव्हरच्या आत दाब नसतो, नुसतं ऑइल उडत असतं, हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. पत्र्याचं झाकण बोल्टांपाशी दबलं, मध्ये फट पडली आणि गळती आधीपेक्षा वाढली.

पुढच्या खेपेला संकेश्वरजवळ आक्कानं नाकाला पदर लावला आणि वास कसला म्हणून विचारलं. मी म्हणालो, कारखान्याचा, काच लाव. तिनं लावली. धूर आतच कोंडला. कारखाना मागं पडून बराच वेळ झाला तरी तिची मळमळ थांबेना, शेवटी गाडी कडेला घ्यावी लागली. त्यानंतरच्या खेपांनाही मी तेच म्हणत राहिलो. एकदा तर मीच वाकून तिच्या बाजूची काच फिरवून वर केली.

खरं सांगितलं असतं तर भावजींनी भाड्याची गाडी केली असती. आक्कासाठी माझ्या हातून होण्यासारखी ही एकच गोष्ट होती, ती सुटू नये, असं मी स्वतःला समजावत होतो. त्यात तिच्यापेक्षा माझाच विचार जास्त होता.

मे महिन्यात तिला घेऊन निपाणीला परत निघालो होतो. संकेश्वर जवळ आलं तसं मी नेहमीसारखं काच लावायला सांगितलं. आक्कानं हात हलवला नाही. लग्न झाल्यापासून ती तंबाखूच्या वखारीशेजारी राहिलेली, पाला चुरगळून नुसत्या वासावर तो कुठल्या शिवारातला ते सांगणारी. तिचं नाक मी फसवत होतो.

"हंगाम संपला न्हवं का रं?" समोर बघतच ती म्हणाली. "धुराडं गार पडलंय. अजून किती दिस त्या कारखान्याच्या नावानं खपवणार हाईस?"

मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. पुढच्या वेळेपासून भाड्याची गाडी सांगतो, असंही म्हणालो.

"परक्याच्या गाडीत ओकायला लाज वाटती मला," आक्का म्हणाली. "तुझ्या गाडीत न्हाई वाटत. गाडी नीट कर म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी पॅकिंग आणायला गेलो. दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं, हे तर तुम्ही मध्यंतरीच नेलं होतं ना? मित्राच्या गाडीला हवंय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. पायरी उतरलो, मग परत वर जाऊन सांगितलं की मित्र वगैरे कुणी नाही, मीच बिघडवलंय. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला काय त्याचं. पण मला ते सांगायचंच होतं.

रविवारी सकाळी इंजिन थंड असतानाच बॉनेट उघडलं. प्लगच्या वायरी कुठली कुठं ते कळावं म्हणून खुणा केल्या, एअर फिल्टरचा डबा उतरवला, बोल्ट काढले. झाकण निघेना. मीच फासलेल्या सीलंटनं ते चिकटलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटावं असं फार वाटलं, पण कड वाकली असती. लाकडी ठोकळा लावून चारी बाजूंनी हळूहळू ठोकत राहिलो. इंजिनात काही पडू नये म्हणून स्वच्छ पंचा अंथरला आणि वाळलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं. लोखंडी पात्यानं लवकर झालं असतं, पण ओरखड्यातून ऑइल वाट काढतं. जेवण तसंच झाकून राहिलं.

आता झाकणाची कड सरळ करायची होती. घरात सपाट म्हणावी अशी एकच जागा, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा कट्टा. झाकण पेट्रोलनं धुऊन, पुसून तिथं पालथं ठेवलं आणि मागून बॅटरी लावली. बोल्टांच्या मध्ये कडेखालून उजेड दिसत होता.

"ह्याच कट्ट्यावर मी भाकरी थापते," बायको दारातून म्हणाली. "आता ऑइल लावूनच वाढू काय तुम्हाला?"

अंगणात नेऊन ठोकळ्यावर झाकण ठोकायचं, आत आणून उजेड बघायचा, परत अंगणात. थोड्या वेळानं बॅटरी तिनंच हातात घेतली. अजून दिसतोय, या कोपऱ्यात दिसतोय, असं सांगत राहिली. कंटाळली नाही. ऊन उतरलं तेव्हा कुठं उजेड दिसायचा थांबला. कट्टा मग मी घासून दिला, तिनं पुन्हा घासला.

नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवलं. सीलंट फक्त कोपऱ्यांना, टिकलीएवढं. बोल्ट मधल्यापासून बाहेर, आलटून पालटून आवळले. लांब पाना मुद्दाम घरात ठेवला होता आणि आखूड पाना बोटांनी धरला होता, म्हणजे जोर करावासा वाटला तरी करता येऊ नये. पॅकिंग टेकल्याचं बोटांना कळलं तिथं थांबलो. आणखी थोडं आवळायला हात शिवशिवत होता. तो खिशात घातला.

सीलंट रात्रभर वाळू दिलं. पाइपवर सांडलेलं जुनं ऑइल जळून जाणं बाकी होतं, म्हणून सोमवारी कामावरून सुटल्यावर संकेश्वरपर्यंत एकटाच गेलो. काचा लावून. मे महिन्यात. जाताना वास होता, येताना नव्हता. घरी पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

पुढच्या खेपेला आक्काला दवाखान्यातून घेऊन निघालो. संकेश्वरजवळ आल्यावर मी काच लावायला सांगितलं नाही. तिनं आपणहून काच वर केली, एक लांब श्वास घेतला, थोडा वेळ तशीच बसली आणि काच खाली केली. वास नव्हता. माझ्या खांद्यांवरचा ताण उतरला.

गाव मागं पडलं आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. थांब.

गाडी थांबताच ती कडेला जाऊन ओकली. मी तिला बाटली दिली, पाठीवर हात फिरवला आणि ती चूळ भरत होती तेवढ्यात धावत जाऊन बॉनेट उघडलं. झाकणाच्या कडेखाली मागून पुढंपर्यंत बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. पुन्हा फिरवलं.

आक्का तोंड पुसत बघत होती. "झाक ते," ती म्हणाली. "हे गाडीचं न्हवं. औषधाचं हाय."

कोरडं बोट घेऊन मी उभा राहिलो. ऑइल सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे लिहितानाही लाज वाटते. ऑइलाचं मी काहीतरी करू शकलो असतो.

मी बॉनेट लावलं. आक्का आत बसली, काच पूर्ण खाली केली आणि पुढच्या खेपेला ओकायला पिशव्या जरा जास्त आण म्हणाली. आणतो म्हणालो आणि गाडी निपाणीकडे काढली.