जावयाला नापास केलं

डायव्हिंग शिकवणारे मास्तर होकार देण्यात महाकंजूष, आणि या वेळी परीक्षेला त्यांचाच जावई. पास झाला, तरच भर समुद्रातल्या बुडालेल्या जहाजापर्यंत जाता येणार. तलावाच्या तळाशी मास्तरांनी त्याला मास्क काढायला लावला. नाकात पाणी शिरलं, छाती भात्यासारखी हलू लागली, तरी बोटांची खूण ‘सगळं ठीक’ अशीच.

“जमलं ना, बाबा?” वर येताच त्याने विचारलं.

“नाही. घाबरलास, ते लपवलंस. तिकडे समुद्रात मी तुला वाचवू कसा?”

“बाहेरच्यांना पास करता आणि घरच्याचं नाक कापता,” मुलगी फणकारली.

सासऱ्याला जावयाचं कौतुक बघवत नाही, अशी कुजबुज झाली. जावई रागाने दुसऱ्या शिक्षकाच्या बोटीतून त्या जहाजाकडे गेला. संध्याकाळी बोट त्याच्याशिवाय परतली. मुलीला सांगायला मास्तरच गेले. तिने दार उघडलं आणि तोंड फिरवलं. ती अजून रुसलेलीच होती.