आईवर न गेलेलं रोप

दोक्सी तांतीन डोंगरावर कशी काम करायची ते कळायला तिला आधी समुद्रावर पाहायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या रॉड्रिग्ज बेटाभोवती उथळ पाणी लांबवर पसरलेलं आहे. ओहोटी लागली की बायका पायात रबरी बूट, डोक्यावर केवड्याच्या पातींची टोपी आणि हातात लोखंडी सळई घेऊन ऑक्टोपस मारायला त्या पाण्यात चालत जातात. एदोक्सी ग्रांकूर, म्हणजे आमची दोक्सी तांतीन, बारा वर्षांची असल्यापासून जात होती. तांतीन म्हणजे मावशी. सख्खे भाचे चार, पण सगळं गाव तिला तांतीनच म्हणायचं. लग्न होऊन मी या बेटावर आले त्याला सव्वीस वर्षं झाली. शेजार तिचाच मिळाला. पहिल्याच वर्षी ती मला पाण्यात घेऊन गेली. मी दोन तास नुसते दगड पाहिले. ती माझ्या मागून चालत आली आणि मी ओलांडून गेलेल्या जागेतून तिने तीन ऑक्टोपस काढले.

"मला कसे दिसले नाहीत?" मी विचारलं.

"ऑक्टोपस दिसतच नाही, पोरी. दिसतो तो दगड, ज्याला तिथे असायचं काही कारण नाही."

दरवर्षी ऑगस्टपासून दोन महिने ऑक्टोपस धरायला बंदी असते. पिल्लं मोठी व्हावीत म्हणून. त्या दिवसांत समुद्रावरच्या बायकांना दुसरं काम देतात. कुणी रस्ते झाडतं, कुणी शाळेची कुंपणं दुरुस्त करतं. सहा वर्षांपूर्वी दोक्सी तांतीनच्या वाट्याला डोंगर आला. मी तिथे तेव्हा चार वर्षांपासून कायमच्या कामावर होते. आमचं काम एकच. बाहेरून आलेली झाडं उपटायची, म्हणजे मूळच्या झाडांना जागा मिळेल.

आमची मुख्य नादेज. पस्तिशीतली, इथलीच, झाडांचं शिक्षण घेऊन परत आलेली. कामात कडक, पण स्वतः चिखलात बसणारी. ती प्रत्येकीला चित्रांचा कागद द्यायची. डाव्या बाजूला राखायची पानं, उजव्या बाजूला उपटायची. उजव्या बाजूला सगळ्यात वर जामरोझ. फळ गोड, गुलाबाच्या वासाचं. मुलं आवडीने खातात, पण झाड असं माजतं की खाली दुसरं काही उगवू देत नाही. त्याचं पान लांब, अरुंद, गडद. ते दिसलं की आमचा हात आपोआप जायचा.

आणि डाव्या बाजूला सगळ्यात वर तापाचं झाड. पूर्वी ताप आला की त्याची साल उकळून प्यायचे, म्हणून ते नाव. साल काढून काढून बेटावरची बहुतेक झाडं वाळली. आमच्या डोंगरावर एकच उरलं होतं. फार उंच नाही. खोड राखाडी, पानं तळहाताएवढी, गोल आणि जाड. दरवर्षी त्याला फळं धरायची, खाली पडायची, आणि एकही रोप यायचं नाही. नादेजने रोपवाटिकेत तीन वर्षं बिया पेरल्या. मातीत काही हललं नाही. म्हातारं झालंय, बीच पोकळ आहे, असं सगळे म्हणायला लागले.

त्या झाडाखालची जागा आम्ही इतर सगळ्या डोंगरापेक्षा स्वच्छ ठेवायचो. इथल्या बायका सकाळी उठल्या की आधी अंगण झाडतात. ताडाच्या पातीच्या झाडूने मातीवर ओळी उमटेपर्यंत. ज्या घरापुढे गवताची काडी दिसेल त्या घराबद्दल रविवारी चर्चबाहेर बोललं जातं. तसंच ते झाड म्हणजे आमच्या डोंगराचं घर झालं होतं. दर सोमवारी आम्ही त्याच्याखाली गुडघ्यांवर बसून बोटभर उगवलेलंसुद्धा काही शिल्लक ठेवत नसू. मी तर मनातल्या मनात देवाचं नाव घेत ते काम करायची. एवढ्या श्रद्धेने मी काय करत होते ते मला माहीत नव्हतं.

दोक्सी तांतीन आली त्या पहिल्या सोमवारी ती माझ्याशेजारी बसली. मी पाच रोपं उपटून पोत्यात टाकली होती. सहाव्याला हात घातला तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"ते काय आहे?"

"जामरोझ."

"कशावरून?"

"लांब पान. कागदावर बघ ना."

तिने कागद पाहिलाच नाही. मान वर करून चारी बाजूंना पाहिलं. "जामरोझचं झाड कुठे आहे इथे?"

नव्हतं. आसपासची सगळी दोन वर्षांपूर्वी काढली होती.

"मग ह्याला इथे असायचं काय कारण?" ती म्हणाली आणि खाली वाकली. पान लांब होतं, अरुंद होतं, पण मधली शीर लाल होती, पानाला खालच्या बाजूने कुणी लाल दोरा भरल्यासारखी. मी चार वर्षांत कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तिने पानाचा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चावला. मग ती थांबली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं काही विषारी लागलं. पण आजूबाजूचे दगड गोळा करून तिने त्या रोपाभोवती गोल रचला. ऑक्टोपस आपल्या बिळाच्या तोंडाशी रचतो तसा.

सोलांज म्हणून आमच्यात एक तोंडाळ बाई आहे. ती पलीकडून ओरडली, "तांतीन, समुद्र बंद आहे म्हणून डोंगरात ऑक्टोपस शोधतेस की काय?"

"शोधतेय. तुझ्या पायाखाली एक आहे, पण त्याला आळशी बाईला चावायचं नाही म्हणून गप बसलाय."

दुपारी नादेज आली. दगड पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुणी केलं?"

"मी. ते राहू दे," दोक्सी तांतीन म्हणाली. "ते ह्या झाडाचं पोर आहे."

नादेज वाकली, पान उलटंसुलटं केलं, वर मान करून गोल पानांकडे पाहिलं. "तांतीन, ह्याचं त्याचं काही जुळतं का?"

"तुझं नाक तरी कुठे तुझ्या आईसारखं आहे?"

आम्ही हसलो. नादेजही हसली, पण लगेच सावरली. "जामरोझचं बी वटवाघळं आणतात. ती ह्याच फांद्यांवर बसतात. म्हणून इथेच उगवतं. हे जामरोझ असलं आणि वाढलं, तर ह्या जागेवरची दहा वर्षांची मेहनत जाईल. आणि हे डोंगरावरचं शेवटचं झाड आहे. त्याच्या मुळांशी मी जुगार खेळू शकत नाही."

तिचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. दोक्सी तांतीनला ते कळत होतं, म्हणून ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "समुद्र उघडेपर्यंत ठेव."

"ठीक आहे. समुद्र उघडतो त्या दिवशी मी ही जागा साफ करणार. तिथे दुसरी रोपं लावायची आहेत."

ते दोन महिने ती रोज सकाळी आधी त्या दगडांपाशी जायची, मग कामाला लागायची. रोप तेवढंच होतं. दोन पानं वाढली, दोन्ही लांब, दोन्ही लाल शिरेची. सोलांज रोज विचारायची, "काय गं, आईवर गेलं का?" ती म्हणायची, "सासूवर गेलंय, म्हणून हट्टी आहे."

समुद्र उघडतो तो दिवस आमच्याकडे सणासारखा असतो. दोन महिने कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे त्या एका ओहोटीत महिन्याचं काम होतं. अख्खं गाव पाण्यात उतरतं. आजारी माणसंसुद्धा काठावर खुर्ची टाकून बसतात. त्या दिवशी पहाटे मला शेजारून तिच्या नवऱ्याचा, आरिस्तीद तोंतोंचा, म्हणजे काकांचा, आवाज ऐकू आला.

"म्हातारे, बूट कुठे निघाले? पाणी खाली आहे, तू वर कुठे चाललीस?"

"डोंगरावर."

"आज? आज डोंगरावर कोण जातं? तिथे काय ऑक्टोपस झाडाला लटकतायत?"

"तू जा. दोन जास्त मार."

"सेहेचाळीस वर्षांत तू अशी मोठी ओहोटी कधी चुकवली नाहीस. आपल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा गेली होतीस, मला एकट्याला टाकून."

"म्हणून तर अजून टिकलंय लग्न," ती म्हणाली आणि फाटक ओढून निघाली. तोंतों सळई हातात धरून रस्त्यात उभाच राहिला. मग मला म्हणाला, "तू जा तिच्याबरोबर. तिला काहीतरी झालंय."

डोंगरावर आम्ही तिघीच होतो. मी, ती, आणि थोड्या वेळाने आलेली नादेज. तिच्या हातात कुदळ होती. खाली निळ्या पाण्यात माणसं मुंग्यांसारखी पसरलेली दिसत होती. हाका वरपर्यंत येत होत्या. दोक्सी तांतीन दगडांच्या गोलाशेजारी बसली होती, मक्याच्या कण्यांचा भात आणि लाल राजमा खात. नादेजला पाहून तिने डबा बंद केला.

"तांतीन, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी अडवत नाही. पण आधी एक सांगायचंय. ते सांगायला मला दोन महिने लागले, म्हणून आज आले."

मग तिने सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिला ताप आला होता. आठ दिवस उतरेना. त्यांच्या घरामागे तापाचं झाड होतं, आजोबांच्याही आधीचं. लोक साल घ्यायचे, पण रीत अशी होती की उगवतीच्या बाजूने हातभर घ्यायची, पुढच्याने मावळतीकडून, आणि झाडाला वर्षभर सोडायचं. तिच्या आईने त्या आठवड्यात रोज थोडी काढली. शेवटच्या दिवशी घाबरून खोडाभोवती गोल सोलली. ताप उतरला. झाड त्याच वर्षी वाळलं. गावाला आईने सांगितलं की वादळाने गेलं.

"मी जिवंत आहे ती त्या झाडाच्या जिवावर," दोक्सी तांतीन म्हणाली. "आई मरेपर्यंत ह्याबद्दल बोलली नाही. मीही बोलले नाही. पण त्या काढ्याची चव मला आठवते. आधी जिभेला काहीच लागत नाही. मग घशाच्या मागून कडू चढतं आणि कानापर्यंत जातं. ह्या पानाला तीच चव आहे. मी पहिल्याच दिवशी चाखलं. राखीव डोंगरातलं पान तोडून खाल्लं, त्याची काय शिक्षा असेल ती कर."

नादेजने कुदळ खाली ठेवली. म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी सालीची एक वाळकी खपली गळून पडली होती. ती उचलून तिने चावली. थांबली. तोंड वाकडं झालं, हात नकळत कानाकडे गेला. खाली वाकून तिने लाल शिरेच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतला, तोही चावला, आणि पुन्हा तसाच हात कानाकडे गेला.

"चव हा काही पुरावा नाही," ती हळूच म्हणाली. पण कुदळ तिने उचलली नाही. तिथेच बसली. मग माझ्याकडे पाहिलं. "दर सोमवारी आपण इथलं किती उपटलं असेल?"

चार वर्षांची पोती माझ्या डोळ्यांपुढे होती.

दोक्सी तांतीनने डबा उघडून उरलेला भात तिच्यापुढे सरकवला. "माझ्या आईने एक अख्खं झाड सोललं. तिला माहीत होतं ती काय करतेय ते. तुम्हाला माहीत नव्हतं. खा, आणि मोजत बसू नका."

त्या दिवसापासून त्या झाडाखाली झाडलोट बंद झाली. आता तिथे गवत आहे, पाचोळा आहे, आणि लाल शिरेची एकोणीस रोपं. रोपवाटिकेत न रुजलेलं बी वटवाघळांच्या पोटातून गेल्यावरच रुजत असावं, असं नादेज म्हणते. नवीन आलेल्या बाया नाकं मुरडतात. म्हणतात, एवढ्या नावाजलेल्या झाडाचं अंगण असं का. सोलांज त्यांना रागावते. जणू शोध तिनेच लावला.

पण खात्री तरीही कुणाला नव्हती. नादेज दर महिन्याला रोपाची उंची लिहायची आणि पानापुढे लांब, लांब, लांब असंच लिहायची. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळायचं, तिचा जीव टांगणीला होता. दोक्सी तांतीनच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि समुद्र सुटला, तरी महिन्यातून एकदा तोंतोंच्या खांद्यावर हात टाकून ती वर यायचीच. वाटेत तो बडबडायचा, "बायको म्हणून आणली होती, आता डोंगरावर वाहून न्यायचं ओझं झालीय." पण थांबायचं कुठे, पाणी कुठे द्यायचं, हे तो तिला न विचारता करायचा.

मागच्या सप्टेंबरात मीच आधी पाहिलं. ते पहिलं रोप आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. खाली सगळी जुनी लांब पानं, आणि शेंड्याला एक नवीन पान, तळहाताएवढं, गोल, जाड, अगदी म्हाताऱ्या झाडाच्या पानासारखं. लाल शीर नाही. मी धावत खाली गेले नाही. तिथेच हात जोडले, घरी तुळशीपुढे जोडते तसे, आणि मग सावकाश उतरले. दुसऱ्या दिवशी तांतीन आणि तोंतोंना घेऊन नादेज आणि मी वर गेलो. नादेजच्या डोळ्यांत पाणी होतं, ते ती वारा लागल्यासारखं पुसत होती.

दोक्सी तांतीनने मान वर करून पानाकडे पाहिलं. थोडंसंच. मग खाली पाहिलं.

"दगड घट्ट झालेत ह्याला," ती म्हणाली. आणि तोंतोंच्या हाताला धरून, गुडघे दुखत असताना खाली बसली, आणि एकेक दगड उचलून खोडापासून हातभर लांब, नवीन गोल रचायला लागली.