फाटकाची टायमिंग चेन

फाटकाची साखळी वाजली आणि मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळी फिरून यायची ह्यांची वेळ तीच. साखळी वाजली की चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, खुर्चीत टेकायचं, तोवर चहाला उकळी. इतक्या वर्षांत त्यात कधी चूक झाली नाही. त्या दिवशी मात्र खुर्चीत कोणी येऊन बसलं नाही. मी बाहेर डोकावले तर शेजारचे नाना टोपी हातात घेऊन दारात उभे. "वहिनी... मधूभाऊ चौकमा पडी गयात. दवाखानामा लई गऊत, पन..." पुढचं ऐकायची मला गरज उरली नव्हती. गॅसवरचं आधण नंतर कोणी उतरवलं ते मला अजून माहीत नाही.

त्याला आता दीड महिना होत आला. लोक येतात, ह्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. शांत माणूस, सरळ नोकरी केली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण मला आठवतो तो हाताला कोपरापर्यंत काळं ऑइल माखलेला माणूस, आणि अंगणातल्या सतरंजीवर पसरलेलं एक इंजिन.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ह्यांची बदली जळगावहून धुळ्याला झाली. देवपुरात एका खोलीत राहायचे, शनिवारी घरी यायचे. शनिवारी सगळ्यांचेच नवरे येतात. आमचे बुधवारीही यायचे! कचेरी सुटली की मोटारसायकलला किक, पारोळा, एरंडोल करत जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घरी, आणि पहाटे परत. तो बुधवार कोणत्याच नियमात बसत नव्हता, म्हणूनच मला तो शनिवारपेक्षा प्यारा. एसटीनं शनिवार जमला असता, बुधवार नाही.

गाडी जुनी घेतलेली, चार स्ट्रोकची. तिची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आत वरचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी बारीक साखळी, पार सैल झाली होती. पिठाच्या गिरणीपाशी गाडी वळली की कर्रकर्र करत आख्ख्या गल्लीला वर्दी द्यायची. ह्यांना त्या आवाजाची लाज वाटायची. मी मात्र तो कानावर आला की पदराला हात पुसून आधण ठेवायची. गिरणीपासून दारापर्यंत नेमका एक चहा होतो.

मग गाडी निळा धूर ओकायला लागली. ऑइल पिऊ लागली. एका बुधवारी पारोळ्याच्या अलीकडे बंदच पडली आणि हे ट्रकमध्ये बसून आले. गॅरेजवाल्यानं सांगितलं, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे वरचं अर्धं इंजिन खोलून पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं नवं नाहीतर दुरुस्त, आणि सोबत चेनही बदलायची. पण त्याच्याकडे गाड्यांची रांग, दिवाळीनंतरच हात लागेल म्हणाला. दिवाळीनंतर! म्हणजे तोवरचे सगळे बुधवार गेले. ह्यांनी दसऱ्याला जोडून रजा टाकली, गॅरेजमधून हत्यारं मागून आणली आणि अंगणातच इंजिन उघडलं. ह्यांना ते काम थोडंफार येत होतं, हौस मात्र दांडगी.

नाना कुंपणावरून बघायचे. "बठ्ठं इंजिन आंगनमा! मधूभाऊ, गाडी शे का भांडासनं दुकान शे?" आमची परात रॉकेलनं भरलेली, त्यात नटबोल्ट पोहत असलेले. त्यातच खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा तर करायलाच हवी, आणि गाडी म्हणाल तर तुकड्यातुकड्यांत. मी प्रत्येक तुकड्याला हळदीकुंकू लावलं, हेडला, पिस्टनला, पान्यांना. झेंडूची फुलं वाहायला गेले तसे हे ओरडले, "अगं, पाकळी आत जाईल!" आणि इंजिनाच्या उघड्या तोंडावर स्वतःचा रुमाल घातला. मग देवानं रुमालावरची पूजा मानून घेतली.

लेथवाल्यानं ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो तो भाग, आतून तासून, बोअर करून दिला. व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉल्व्हला काळी पेस्ट लावायची आणि त्याला चिकटवलेली लाकडी काडी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, इकडून तिकडे. ताक घुसळायचा हात होता, जमलं. ते ऊन, ती रॉकेलच्या वासाची दुपार, काडीचा सर्रसर्र आवाज... आम्ही दोघं तासन् तास काही बोलत नव्हतो, आणि मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त तेच आठवतं. पुढे आयुष्यात सुखं पुष्कळ आली, पण ती अशी दुपारभर अंगणात बसून राहिली नाहीत.

मग नवी चेन. ती खालून वर ओढून तारेनं धरून ठेवायची, तोवर हे ब्लॉक पिस्टनवर उतरवणार. "काही झालं तरी तार सोडू नकोस," त्यांनी तीनतीनदा बजावलं. ब्लॉक बसला आणि घरातून करपल्याचा वास आला. "दूध!" ओरडले ते हेच. मी पळाले, माझ्या मागे हेही पळाले, आणि तार, चेन, सगळं सुर्रकन इंजिनाच्या पोटात. दूधही गेलं, चेनही गेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. नाना कुंपणावर येऊन बघून गेले, वेड लागलं की काय म्हणून. ब्लॉक पुन्हा काढायची पाळी आली होती, पण मी माझी क्रोशाची सुई आणली. आकडा लहान, दांडा लांब. श्वास रोखून त्या अरुंद फटीत फिरवली आणि चेन टोकाला लागून वर आली. त्या सुईनं मी पुढे पुष्कळ रुमाल विणले, पण ऑइलचा डाग तिच्यावरून कधी गेला नाही.

गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. धूर नाही, कर्रकर्र नाही. हे कान लावून ऐकत राहिले, डोळ्यांत पाणी. नवं इंजिन म्हणून धुळ्याला जाता-येता चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही असा नेम. पुढच्या बुधवारी ते आले तेव्हा मी दिवेलागणीला पाय पसरून केसांना तेल लावत बसले होते. मान वर केली तर हे दारात उभे, हसत. "अगं, हळू चालवल्यावर कळलं, एरंडोल ते पारोळा केवढं मोठं आहे! झाड न् झाड बघत आलो..." आणि मी रडायलाच लागले. "मला कळलंच नाही तुम्ही आलात."

"इंजिन एवढं मस्त झालं, आणि रडतेस काय?"

"आग लागो तुमच्या इंजिनाला!"

 पहाटे ते निघून गेले. उजाडल्यावर मी सडा टाकायला बाहेर आले तर फाटकाची चांगली कडी काढून ठेवलेली, आणि तिच्या जागी खिळ्याला अडकवलेली जुनी, सैल टायमिंग चेन. फाटक उघडलं की ती पत्र्यावर आपटायची. कर्रकर्र. तसाच आवाज. ह्या गोष्टीवर आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही.

नंतर बदली परत जळगावला झाली, गाडी विकली, स्कूटर आली, ती गेली, हे पायी फिरू लागले. फाटकाला दोनदा रंग दिला. साखळी तिथेच राहिली, तिच्या आवाजावर आधण चढत राहिलं.

आता घर फार शांत झालंय. मला आधी वाटलं, ते नाहीत म्हणून असेल. मग एका संध्याकाळी खिडकीतून दिसलं. पुण्याहून आलेली माझी मुलगी, विद्या, फाटकाशी उभी राहून दोन्ही हातांनी साखळी उचलत होती, निजलेलं पोर उचलावं तशी, जराही आवाज न करता. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, वाजली की तू दचकून उठतेस, म्हणून नानांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय." सगळी गल्ली दीड महिना माझ्यावरच्या मायेनं चोरपावलांनी येत होती. मी तिला परत फाटकाबाहेर पाठवलं. नानांनाही निरोप दिला, आणि हे वाचून जे कोणी भेटायला येतील त्यांनाही सांगते... साखळी वाजवून या. ते येणार नाहीत, एवढं मला कळतं. पण आधण ठेवायला मला तेवढा वेळ लागतो.